ओल, तेल आणि भोकं: घरमालकाच्या पाहणीला सामोरं जाताना

मुंबईत भाड्याने दिलेलं घर बघायला आलेला घरमालक चप्पल काढतो आणि थेट बाथरूमच्या दारात उभा राहून मान वर करतो. छताला पिवळट गोल डाग पडलाय का, पोपडा सुटलाय का, हे त्याला बघायचं असतं. तिथून स्वयंपाकघरात जाऊन सिंकखालचं दार उघडतो आणि वाकतो. मग बेडरूममध्ये खिडकीखालच्या भिंतीवरून तळहात फिरवतो. सोफ्यावरच्या घड्या न घातलेल्या कपड्यांकडे त्याचं लक्षही जात नाही. आपण मात्र आदल्या रात्री एक वाजेपर्यंत तेच आवरत बसलेलो असतो.

बऱ्याच पाहण्या झाल्यावर लक्षात येतं की मालकाचा जीव तीनच गोष्टींत अडकलेला असतो: ओल, तेल आणि भोकं. धूळ पुसली की जाते, या तिघांना मात्र पैसे लागतात. त्यामुळे ‘घर नीट ठेवा’ असं तो म्हणतो तेव्हा त्याला ‘या तिघांपासून वाचवा’ असं म्हणायचं असतं. ते त्याला नेमकं सांगता येत नाही आणि आपल्याला वाटतं, काका उगाच कटकट करतायत. बऱ्याचदा त्यांचं निवृत्तीनंतरचं सगळं गणित त्या एका वन बीएचकेवर चाललेलं असतं, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

आधी हक्काचं बोलू, म्हणजे पुढे वाद नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ प्रमाणे मालकाला घर बघायचा हक्क आहे, पण आधी कळवून आणि वाजवी वेळी. म्हणजे ‘माझंच घर आहे’ म्हणून जवळच्या किल्लीने दार उघडून आत येता येत नाही, तसंच आपल्यालाही ‘करार संपेपर्यंत येऊच नका’ म्हणता येत नाही. वाजवी म्हणजे किती वाजता, ते कायद्यात लिहिलेलं नाही. म्हणून करार होतानाच तोंडाने ठरवून लगेच व्हॉट्सॲपवर टाकायचं: ‘काका, ठरल्याप्रमाणे पाहणीच्या आधी दोन दिवस कळवा, रविवारी ११ ते १ आम्ही घरी असतोच.’ काकांनी ‘ओके’ लिहिलं की झालं. एजंट नवीन गिऱ्हाईक घेऊन घर दाखवायला येतो, तो प्रकार वेगळा. ते शेवटच्या महिन्यात सुरू होतं आणि वेळ ठरवली नाही तर रोज संध्याकाळी बेल वाजते. आठवड्यातले दोन दिवस, दोन-दोन तास, एवढंच द्यायचं.

दुसरी कामाची गोष्ट करारातली आहे. याच कायद्याच्या कलम २४ खाली लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, लेखी करार त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. त्यामुळे शेवटच्या पानावरची वस्तूंची यादी, जी सगळे न वाचता सही करून मोकळे होतात, ती नीट वाचायची. ‘४ पंखे, ४ ट्यूबलाइट, १ गिझर, १ चिमणी, सर्व चालू स्थितीत’ असं छापलेलं असेल आणि चिमणीचा एक दिवा लागत नसेल, तर ते सहीआधी दुरुस्त करून घ्यायचं. नंतर तो दिवा आपणच घालवला, असं ठरतं. रंगाबद्दलची ओळही तिथेच बघायची. काही करारांत ‘घर सोडताना रंगाचे पैसे कापले जातील’ असं असतं, काहींत ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून’ असं असतं. या दोन ओळींमध्ये कधीकधी महिन्याच्या भाड्याएवढा फरक पडतो.

खरी पाहणी टेम्पो यायच्या आधी करायची असते आणि ती आपण करायची. रिकाम्या घरात एक तास पुरतो. दारापासून सुरुवात करून एक सलग व्हिडिओ घ्यायचा आणि मग फोटो. फोटो हॉलचे नकोत. बाथरूमचं छत, प्रत्येक खिडकीखालची भिंत, सिंकखालची ट्रॉली, माळ्याचा आतला कोपरा, भिंतीतल्या कपाटाची मागची बाजू, ओट्याची उडालेली कड, दाराच्या चौकटीचा खालचा भाग, विजेच्या मीटरचं रीडिंग आणि हातात मिळालेल्या सगळ्या किल्ल्या एका फोटोत. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करायचं. ओलीने प्लास्टर सुटलेलं असेल तर आवाज पोकळ येतो. बाथरूममध्ये अर्धी बादली पाणी ओतून ते न्हाणीच्या जाळीकडे जातंय की दाराकडे, ते बघायचं. दाराकडे जात असेल तर पुढच्या वर्षभरात चौकट फुगणार आणि बिल आपल्या नावावर निघणार. हे सगळं त्याच दिवशी मालकाला पाठवायचं. व्हॉट्सॲपवर तारीख-वेळ आपोआप पडते, पण फोटो बारीक होतात, म्हणून तेच ईमेलनेही.

आता ओल. मुंबईत यावरून जितकी डिपॉझिटं अडकतात तितकी दुसऱ्या कशावरून अडकत नसतील. कारण मे महिन्यात तीच भिंत खडखडीत कोरडी असते आणि जुलैत तिला घाम फुटतो. मालकाने घर दिलं मेमध्ये, बघायला आला जुलैत, म्हणजे मधे जे झालं ते तुम्हीच केलं, असा सरळ हिशेब.

ओल कुठून येते, हे डाग बघून बऱ्यापैकी ओळखता येतं. खिडकीच्या कोपऱ्यातून किंवा बाहेरच्या भिंतीवर पसरणारी, पावसासोबत येणारी आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळून जाणारी ओल बाहेरच्या भिंतीतून येते. पश्चिमेकडच्या भिंतींना ती जास्त, कारण पाऊस तिकडूनच झोडपतो. पावसाच्या पाण्याची, गच्चीतून होणारी आणि बाहेरच्या सामाईक पाइपमधून होणारी गळती दुरुस्त करणं हे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीचं काम आहे. पण सोसायटीला अर्ज सभासदाने द्यायचा असतो, म्हणजे मालकाने. आपण फक्त फोटो पाठवायचे आणि अर्ज दिलात का, म्हणून विचारत राहायचं. बाथरूमच्या छतावरचा डाग बारा महिने ओला असेल तर वरच्या घराची न्हाणी गळतेय. वरच्यांना एक दिवस ती वापरू नका म्हणून विनंती करायची, थेंब मंदावला तर शंका फिटली. प्लंबर वरच्या बाथरूमची जाळी बंद करून पाणी तुंबवून ठेवतात आणि खाली किती वेळात डाग भरतो ते बघतात, तो पक्का पुरावा. एकाच उभ्या किंवा आडव्या रेषेत कायम ओलसर राहणारी भिंत असेल तर आतला पाइप फुटलाय. रात्री झोपताना घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून दोन-तीन दिवस फरक पडतो का बघायचं.

या तिन्हींत भाडेकरूचा दोष नाही. दोष असतो चौथ्या प्रकारात. पावसाळ्यात बंद खोलीत दोरी बांधून ओले कपडे वाळवले, पंखा बंद, खिडकी बंद, आणि कपाट भिंतीला चिकटवून ठेवलेलं. कपाटामागे काळे-हिरवे ठिपके येतात. ही बुरशी. ओळखायची खूण सोपी आहे. भिंतीतून पाणी आलं की पांढरी भुकटी फुटते, रंग फुगतो, पोपडे पडतात; त्याला लोणा लागला म्हणतात. बुरशी वरवरची असते, ओल्या फडक्याला काळी लागते आणि खालचा रंग शाबूत असतो. मालक काळा डाग दाखवून ‘भिंत खराब केलीत’ म्हणाला तर त्याच्यासमोर फडकं फिरवायचं. निघाला तर आपण साफ करून देऊ, पांढरी भुकटी निघाली तर काकांनी सोसायटीत जावं.

बुरशी कोरड्या ब्रशने घासायची नाही, ती खोलीभर उडते. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, आधी कोपऱ्यात लावून रंग उडतो का बघायचं, मग दहा मिनिटं ठेवून पुसायचं आणि पंखा लावून भिंत पूर्ण वाळवायची. खिडकी उघडी हवी. आणि एक गोष्ट डोक्यात कोरून ठेवा: ब्लीच आणि बाथरूम धुवायचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. चार बाय सहाच्या मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो. पाहणीच्या आदल्या दिवशी घाईत दोन्ही ओतणारे लोक असतात, म्हणून सांगितलं. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढलं तर ही वेळच येत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर करायचं एक काम असं आहे की ते कोणीच करत नाही आणि त्यामुळेच निम्म्या ‘खिडकीखालच्या ओली’ तयार होतात. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक नीट बघा. त्याला बाहेरच्या बाजूला बारीक लांबट भोकं असतात, ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून. वर्षभराची धूळ, कबुतराची पिसं आणि मागच्या रंगाऱ्याने सांडलेला रंग, यांनी ती बुजतात. तिरका पाऊस आला की ट्रॅक पन्हळीसारखा भरतो आणि आतल्या बाजूने भिंतीवर उतरतो. जूनच्या आधी खराट्याचा एक हीर घ्यायचा, भोकं टोकरून मोकळी करायची, जुन्या टूथब्रशने ट्रॅक घासायचा आणि तांब्याभर पाणी ओतून बघायचं. पाणी बाहेर पडलं पाहिजे. अर्ध्या तासाचं काम. ओतलेलं पाणी बाहेर पडताना दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवला तर ऑगस्टमधल्या पाहणीत तो फार कामाला येतो.

तेलाचं क्षेत्र स्वयंपाकघर. रोज फोडणी, त्यात मासे तळणारं घर असेल तर वर्षभरात शेगडीमागच्या टाइल्स, एक्झॉस्ट फॅनची पाती, कपाटांचा वरचा पृष्ठभाग आणि ट्यूबलाइट यांवर मधासारखा थर बसतो. साबणाने तो हलत नाही. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, त्यात फडकं भिजवून डागावर दहा मिनिटं चिकटवून ठेवायचं, मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचं. हातमोजे घालून. चिमणीची स्टीलची जाळी याच पाण्यात अर्धा तास बुडवली की तेल सुटून येतं. पण जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोड्याने ती काळी पडते आणि मग काही केल्या उजळत नाही. तिला भांड्यांचा साबण आणि गरम पाणी एवढंच. चुंबक लावून फारसं कळत नाही, कारण स्टीलच्या काही जाळ्यांनाही तो चिकटत नाही. वजनाने हलकी, बारीक विणलेली आणि करडी असेल तर ॲल्युमिनियम समजून चालायचं.

दगडाच्या बाबतीतही असंच फसायला होतं. ओटा ग्रॅनाइटचा असला तरी त्याखालचे आणि भिंतीतले कप्पे बहुतेक कडप्प्याचे असतात. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड. त्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड पडलं की काळ्यावर पांढरे चट्टे उठतात. पार्ला-दादरकडच्या जुन्या इमारतींतल्या मोझेक टाइल्सचं तेच. डाग काढायला म्हणून ॲसिड टाकतात, डाग जातो आणि सोबत टाइलची चकाकीही जाते. मग पॉलिशचं मशीन आणायला लागतं. ॲसिडने नळांचं क्रोमियमही उडतं. बाथरूममधल्या पांढऱ्या खरवडीबद्दल एक सांगतो: मुंबई महापालिकेचं तलावांचं पाणी सौम्य आहे, त्याने नळांवर फारसे थर बसत नाहीत. थर दिसत असतील तर इमारतीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतंय. मालक दुसरीकडे राहत असेल तर त्याला हे ठाऊक नसतं आणि तो ‘वर्षभर घासलंच नाही’ म्हणतो. नळांवर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस वीस मिनिटं गुंडाळला की थर निघतो.

सिंकखाली पहिल्याच दिवशी एक वर्तमानपत्र पसरायचं. सांडपाण्याच्या पाइपचा वायसर सैल झाला की कागदावर गोल डाग उमटतो, आठवड्यातून एकदा नजर टाकली की पुरे. तसं केलं नाही तर ट्रॉलीची पार्टिकल बोर्डाची तळफळी पावासारखी फुगते, आणि एकदा फुगलेली ती पुन्हा बसत नाही. पाइप गळणं भाडेकरूची चूक नाही. पण सहा महिने न सांगणं ही चूकच आहे आणि इथे मालकाने पैसे कापले तर माझ्या मते तो बरोबर असतो.

भिंतींवर तेल आणखी दोन ठिकाणी लागतं आणि दोन्ही खास आपली. एक म्हणजे पलंगाला टेकून बसायची जागा. डोक्याच्या तेलाचा अंडाकृती डाग. दुसरं देवघर. समई-निरांजनाची काजळी वर छतापर्यंत जाते. काजळी ओल्या फडक्याने पुसली तर हातभर पसरते. तेल न घातलेल्या कणकेचा घट्ट गोळा हलक्या हाताने दाबत न्यायचा, काजळी त्याला चिकटून येते. डोक्याच्या तेलासाठी भिंतीचा रंग आधी ओळखायचा. ओलं बोट घासून रंग बोटाला आला तर ते डिस्टेंपर, ते धुता येत नाही, पुसाल तेवढी भिंत फिकट होईल. प्लास्टिक पेंट असेल तर सौम्य साबणाने डाग बराच जातो. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी पलंगामागे चादर आणि देवघरामागे एक टाइल किंवा स्टीलचं ताट उभं करायचं.

भोकांचं गणित सोपं आहे. प्लास्टरमधलं भोक बुजतं, टाइलमधलं बुजत नाही. म्हणून टाइलला ड्रिल लावायचं असेल तर लेखी परवानगीशिवाय नाहीच, आणि शक्यतो सांध्यातच लावायचं. टीव्हीच्या ब्रॅकेटसाठीही आधी मेसेज करायचा. कित्येक मालक ‘जाताना ब्रॅकेट तिथेच ठेवा’ म्हणतात आणि प्रश्न मिटतो. बुजवताना प्लग ओढून काढायचा, भोकातली भुकटी फुंकायची, पुट्टी दाबून भरायची. पहिला हात वाळल्यावर आत बसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरा हात, मग पॉलिश पेपर. त्यावर फक्त ठिपक्यापुरता रंग लावला तर भिंतीला देवी आल्यासारखी दिसते, कारण जुना रंग उतरलेला असतो. मालकाकडे उरलेला डबा किंवा शेड नंबर असेल तर मागून घ्यायचा आणि एक भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण मारायची.

नोटीस दिल्यावर, घर सोडायच्या पंधरा-वीस दिवस आधी मालकाला आपणहून बोलवायचं. शेवटच्या दिवशी टेम्पो खाली उभा असताना निघालेल्या खोड्या कोणालाच सुधारता येत नाहीत, आणि तेव्हाच ‘अंदाजे वीस हजार कापू’ हे वाक्य येतं. आधी आले तर त्यांच्याबरोबर फिरून जे जे बोलतील ते तिथल्या तिथे लिहायचं आणि प्रत्येकापुढे लिहायचं: आम्ही करून देऊ, की तुम्ही करून बिल दाखवणार. बिलाशिवाय कपात नाही, हे नम्रपणे पण आधीच सांगायचं. एसीच्या सर्व्हिसची पावती, पेस्ट कंट्रोलची पावती तेव्हाच दाखवायची. वाळवी, गंजलेली ग्रिल, उन्हाने विटलेला पडद्यामागचा रंग, सैल झालेली बिजागरी, ही झीज. फुटलेलं बेसिन, जळालेला ओटा, स्टिकर ओढताना सोलवटलेलं दार, ही नासधूस. अधलंमधलं निम्मं-निम्मं करून मिटवावं.

विजेचं शेवटचं बिल घर सोडल्यावर येतं आणि महानगर गॅसचं दोन महिन्यांनी येतं. त्यासाठी मालक पैसे अडकवतो, ते योग्यच आहे, फक्त आकडा ठरवायचा. मागच्या बिलाच्या दीडपट रक्कम ठेवली की दोघांनाही चालतं. दोन्ही मीटरचे फोटो त्या दिवशीच्या तारखेसह. सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन दिवस आधी सांगायचं, नाहीतर गेटवर वॉचमन टेम्पो अडवतो आणि लिफ्टची वेळ संपते.

डिपॉझिट एक लाखाच्या वर असेल तर एका दिवसात यूपीआयने जाणार नाही, नेहमीची मर्यादा तेवढीच आहे. नेट बँकिंगवरही नव्या खात्यावर पहिल्या दिवशी बँका मोठी रक्कम सोडत नाहीत. म्हणून चार दिवस आधीच मालकाला खातं जोडून एक रुपया पाठवायला सांगायचं. नाहीतर ‘तुम्ही किल्ल्या द्या, पैसे उद्या टाकतो’ यावर गाडी येते. डिपॉझिट मिळेपर्यंत घरच सोडणार नाही, हा हट्ट मात्र महागात पडतो: मुदत संपल्यावर ताबा दिला नाही तर त्याच कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

शेवटच्या दिवशी क्रम असा ठेवायचा. घर रिकामं, झाडून काढलेलं. माळ्यावर टॉर्च मारून एकदा बघायचं, तिथे हमखास काहीतरी राहतं. गॅसचा मुख्य कॉक बंद. पुन्हा दारापासून सलग व्हिडिओ, पहिल्या दिवशीच्याच क्रमाने. मालकासोबत फेरी, खात्यावर पैसे आल्याचा मेसेज, मग किल्ल्या. आणि एका कागदावर दोन ओळी: ‘सदनिकेचा ताबा व ३ किल्ल्या आज मिळाल्या. डिपॉझिटमधून विजेच्या व गॅसच्या बिलापोटी ठेवलेली रक्कम वगळता उर्वरित परत केली, अन्य काही येणे नाही.’ खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि राखून ठेवलेली रक्कम आकड्यात आणि अक्षरात.